बंध तुटल्यावर ऊर्जा मिळते की लागते? (धाग्यात पुढे विजेचे घट, म्हणजे सेल, आणि इंधन घटही आहेत)

ओंजळ
मुलीचा रसायनशास्त्राचा अभ्यास घेताना अडकले आहे. तिने वहीत लिहिलंय, "हायड्रोजनच्या बंधात ऊर्जा साठलेली असते. हायड्रोजन जळला की बंध तुटतो आणि ती ऊर्जा बाहेर पडते." दोन पानांनंतर तिच्याच अक्षरात, "बंध तोडण्यासाठी ऊर्जा द्यावी लागते." तिने मला सरळ विचारलं, यातलं खरं कुठलं? मी शाळेत दोन्ही वाक्यं पाठ केली होती, दोन्हींना गुण मिळाले होते, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे मला आज कळलं.

दुसरा प्रश्नही तिचाच. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र करून ठिणगी टाकली तर स्फोट होतो. तेच दोन वायू इंधन घटात सोडले तर गुपचूप वीज तयार होते. शेवटी दोन्हीकडे पाणीच होतं. मग मधे काय वेगळं घडतं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगाल का? घाई नाही.

अणुरेणू
ओंजळ ताई, मुलीचं दुसरं वाक्य बरोबर, पहिलं चूक. बंध तोडायला नेहमी ऊर्जा लागते आणि बंध जुळताना नेहमी ऊर्जा बाहेर पडते. याला अपवाद नाही.

हायड्रोजनचाच हिशोब मांडू. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन घ्या. (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप, डझनासारखं.)
हायड्रोजनचा बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल, दोन मोलांचे ८७२.
ऑक्सिजनचा दुहेरी बंध तोडायला ४९८.
एकूण खर्च १३७०.
पाण्याच्या दोन रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजन असे चार बंध. प्रत्येक जुळताना सरासरी ४६३ मिळतात, म्हणजे १८५२.
१८५२ मधून १३७० वजा केले की ४८२ किलोज्यूल उरतात. स्फोटात दिसतात ते हे. (पाणी वाफेच्या रूपात धरलंय. वाफेचं पाणी झालं की आणखी थोडी उष्णता मिळते.)

म्हणजे ऊर्जा मिळते ती जुने बंध कमजोर आणि नवे मजबूत असल्यामुळे. जमा आणि खर्च यांतला फरक तेवढा आपल्या हाती येतो. ठिणगी का लागते, तेही यातच आहे. जमा होण्याआधी सुरुवातीचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. एकदा थोडे रेणू जुळले की त्यांची उष्णता शेजारच्यांचा खर्च भागवते.

काजवा
मुलांना सांगायला मी दोन लोहचुंबक वापरतो. चिकटलेले चुंबक ओढून वेगळे करायला जोर लागतो. जवळ आणून सोडले की खट्‌कन आवाज करून चिकटतात. तो 'खट्' म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा. चिकटलेल्या चुंबकांत ऊर्जा 'साठलेली' आहे असं त्यानंतर एकही मूल म्हणत नाही.

रानवाट
मी जीवशास्त्र शिकवते. या गैरसमजात आमच्या विषयाचाही हात आहे. एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरतात तो रेणू. त्याच्याबद्दल आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो की त्यात "उच्च ऊर्जेचा बंध" असतो आणि तो तुटला की ऊर्जा सुटते. प्रत्यक्षात एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होते. जुना बंध तोडायला ऊर्जा लागतेच, पण त्यानंतर जे नवे बंध जुळतात आणि तुकडे पाण्यात जसे स्थिरावतात, त्यात जास्त मिळते. प्रमाण परिस्थितीत ही निव्वळ कमाई मोलमागे ३० किलोज्यूलच्या आसपास. "बंध तुटून मिळाली" हे लिहायला सोपं पडतं, म्हणून ते वाक्य टिकून राहिलंय. मी तरी आता वर्गात ते वापरत नाही.

चकमक
पण स्फोटकांचं काय? त्यांच्यात ऊर्जा ठासून भरलेली असते असंच ऐकलंय.

अणुरेणू
स्फोटकांमुळे तर मुद्दा जास्त स्पष्ट होतो. बहुतेक स्फोटकांत नायट्रोजन असतो आणि तो तुलनेने कमजोर बंधांनी धरलेला असतो. अभिक्रिया झाली की दोन नायट्रोजन अणू तिहेरी बंधाने जुळतात. तो बंध मोलमागे ९४५ किलोज्यूलचा, रसायनशास्त्रातल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी एक. कमजोर मोडून मजबूत जुळवलं, म्हणून इतका फायदा, आणि वर वायू तयार होत असल्याने तो सगळं ढकलत बाहेर पडतो. गाड्यांच्या एअरबॅगमध्ये बरीच वर्षं सोडिअम अझाइड वापरत. पिशवी क्षणात फुगते ती त्यातून निघालेल्या नायट्रोजनने.

पारवा
मग उष्माग्राही, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या, अभिक्रिया होतातच कशाला? तोट्याचा सौदा आपणहून कोण करेल?

अणुरेणू
फार चांगला प्रश्न. अमोनिअम नायट्रेट पाण्यात विरघळताना मोलमागे सुमारे २६ किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. खेळाडूंना मुरगळलेल्या पायावर ठेवायला जी झटपट गार होणारी पिशवी देतात, त्यांपैकी अनेकींत हेच असतं. १०० मिली पाण्यात २० ग्रॅम टाकलं की तापमान १२-१३ अंशांनी उतरायला हवं. चंचुपात्राच्या बाहेरून दव धरतं.

हे आपोआप घडतं, कारण निसर्ग फक्त उष्णतेचा हिशोब बघत नाही. स्फटिकात ओळीने बसलेले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाण्यात मोकळे पसरतात, त्यांना हजार जागा मिळतात. या पसरण्याला आपण एन्ट्रॉपी म्हणतो. उष्णतेचा तोटा आणि पसरण्याचा फायदा एकत्र धरून जे उरतं ती मुक्त ऊर्जा. ती घटत असेल तर अभिक्रिया होते. हा शब्द लक्षात ठेवा, ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

गोफण
दुसऱ्या प्रश्नाकडे मी वळतो. माझा अनुभव प्रयोगशाळेतला आहे, आणि हा प्रयोग मी इतक्या वेळा केलाय की डोळे मिटून सांगू शकेन. हायड्रोजन बाजूला ठेवा. जस्त आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या, घाबरायचं कारण उरत नाही.

पहिला भाग. एका चंचुपात्रात ५० मिली मोरचुदाचं द्रावण, लिटरला ०.२ मोल एवढं सौम्य. त्यात तापमापक. जस्ताची पूड थोडी जास्तच टाका आणि ढवळत राहा. निळा रंग फिका होत जातो, तळाला तांबूस-तपकिरी गाळ बसतो. तो गाळ म्हणजे तांबं. तापमान चढायला लागतं. कागदावर हिशोब केला तर साडेदहा अंश चढायला हवं. मला ८ ते ९ मिळतात, बाकी उष्णता काच आणि हवा खाते.

इथे घडलं काय? जस्ताच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन सोडले, तांब्याच्या आयनाने ते घेतले. सोडणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. जस्त आणि तांबं अंगाला अंग लावून असल्याने इलेक्ट्रॉन थेट या हातातून त्या हातात गेले. त्यांच्याकडून काम करून घ्यायला मधे जागाच नव्हती, म्हणून सगळी ऊर्जा उष्णता झाली.

दुसरा भाग. आता दोघांना वेगळं करा. एका पात्रात जस्ताची पट्टी आणि झिंक सल्फेट, दुसऱ्यात तांब्याची पट्टी आणि मोरचूद. दोन्ही पात्रांत टोकं बुडतील असा, पोटॅशिअम नायट्रेटमध्ये भिजवलेला गाळणकागदाचा जाड गुंडाळा ठेवा. हा क्षारसेतू, यातून आयन ये-जा करतात. पट्ट्यांना मल्टीमीटर जोडा, १.१ व्होल्टच्या जवळ आकडा दिसेल. जॉन फ्रेडरिक डॅनियलने १८३६ मध्ये केलेला घट मुळात हाच, मांडणी जरा वेगळी.

अभिक्रिया तीच आहे. जस्त विरघळतंय, तांबं जमतंय. फरक एवढाच की इलेक्ट्रॉनना जस्ताकडून तांब्याकडे जायला आता एकच वाट उरली आहे, तार. तारेत तुम्ही दिवा ठेवा, मोटार ठेवा, त्यांना त्यातूनच जावं लागतं. ताई, तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे: देणारा आणि घेणारा यांना एकमेकांपासून दूर ठेवलं की घट होतो. इंधन घटातही नेमकं हेच केलेलं असतं.

एक सूचना. मोरचूद जस्ताच्या पात्रात झिरपू देऊ नका. माझ्या पहिल्या प्रयत्नात कागद आखूड होता, मी पात्रं तिरकी करून जवळ आणली आणि निळं पाणी पलीकडे सांडलं. पाच मिनिटांत जस्ताची पट्टी काळी ठिक्कर पडली. ते काळं म्हणजे बारीक तांबं. तिथे पुन्हा थेट देवाणघेवाण सुरू झाली होती आणि घटाचं जस्त फुकट खर्च होत होतं. घट 'बसण्याचं' हे एक कारण तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

पारवा
म्हणजे पहिल्या भागात जेवढी उष्णता मिळाली तेवढीच सगळी वीज दुसऱ्या भागात मिळते का?

अणुरेणू
जवळजवळ, पण तंतोतंत नाही. या अभिक्रियेत मोलमागे सुमारे २१९ किलोज्यूल उष्णता सुटते. घटातून जास्तीत जास्त किती विद्युत काम मिळेल ते मुक्त ऊर्जा ठरवते. दोन मोल इलेक्ट्रॉन, मोलमागे ९६,४८५ कूलोम, आणि १.१० व्होल्ट. गुणाकार केला की सुमारे २१२ किलोज्यूल. उरलेले सहा-सात उष्णता म्हणूनच जातात. आणि हेही विद्युतप्रवाह अगदी सावकाश काढला तरच. घाई केली की घटाच्या आतल्या रोधात आणखी वाया जातात.

काजवा
मी हा प्रयोग वर्गात दाखवतो तेव्हा घटाच्या दोन्ही पात्रांत तापमापक ठेवतो. ते हलत नाहीत. मुलांना लगेच पटतं की उष्णतेऐवजी वीज झाली.

गोफण
काजवा सर, इथे मी थोडा विरोध करतो. तापमापक हलला नाही यावरून एवढंच कळतं की उष्णता फार हळू सुटते आहे. कागदी सेतूच्या घटातून काही मिलीअँपिअर प्रवाह येतो. तारेची दोन टोकं नुसती एकमेकांना जोडून ठेवली, बाहेर काहीच काम करून घेतलं नाही, तरी तापमापक हलणार नाही. आणि त्या वेळी तर सगळी ऊर्जा उष्णताच होत असते, तीही बहुतेक सेतूतच, कारण सर्वांत जास्त रोध तिथे आहे. बाहेरचं काम दाखवायचं असेल तर ते मोजून दाखवावं, व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले वेळ.

काजवा
मान्य. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या तुकडीला मोजूनच दाखवतो.

चकमक
एक शंका खूप वर्षांची आहे. आपल्या पुस्तकात ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. मग डॅनियलच्या घटात जस्त ॲनोड आहे, म्हणजे धनाग्र, आणि तरी त्याच्यावर वजा चिन्ह! मी परीक्षेत हे नुसतं घोकलं होतं.

अणुरेणू
चकमक, हा घोळ आपल्या मराठी शब्दांमुळे जास्त होतो, आणि त्यावर कुणी नीट लिहीत नाही याची मला मनापासून खंत आहे. ॲनोड आणि कॅथोड हे शब्द फॅरेडेने विल्यम ह्यूएल यांच्या मदतीने घडवून १८३४ मध्ये वापरात आणले. मूळ ग्रीक अर्थ 'वर जाणारी वाट' आणि 'खाली जाणारी वाट'. त्यांत धन-ऋण काहीच नाही. मराठीत नावं दिली गेली ती विद्युत अपघटनाकडे, म्हणजे बाहेरून वीज देऊन रसायन फोडण्याकडे, बघून. तिथे ॲनोड बाहेरच्या बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो, म्हणून धनाग्र. त्या पात्रापुरतं नाव चपखल आहे. घटात मात्र ॲनोडवर इलेक्ट्रॉन सुटून जमतात, म्हणून तो ऋण.

माझं मत विचाराल तर मुलांना एकच गोष्ट शिकवावी: जिथे ऑक्सिडीकरण होतं तो ॲनोड, मग चिन्ह काहीही असो. पुन्हा भारित होणाऱ्या बॅटरीत तर भूमिका उलटतात. वापरताना जो ॲनोड होता तो चार्ज करताना कॅथोड होतो. टोकांवरची अधिक-वजा चिन्हं मात्र तीच राहतात.

चकमक
वीस वर्षांनी सुटलं हे. मनःपूर्वक आभार.

वातचक्र
मी बॅटऱ्यांच्या देखभालीचं काम करतो. लेड-ॲसिड बॅटरीचं सांगतो, कारण तिच्यात अभिक्रिया कुठपर्यंत आली ते बाहेरून मोजता येतं. गॅस्टन प्लांटेने १८५९ मध्ये ती केली आणि मूळ रसायन आजही तेच. एका प्लेटवर शिसं, दुसरीवर लेड डायऑक्साइड, मधे पातळ सल्फ्युरिक ॲसिड. वापरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि ॲसिड खर्च होऊन पाणी तयार होतं. म्हणून हायड्रोमीटर, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट घन आहे ते मोजणारं साधन, बुडवला की कळतं. पूर्ण चार्ज असताना १.२८ च्या आसपास, उतरली की १.१२ च्या खाली-वर. काचेच्या नळीतला तरंगता दांडा वर आला की भरलेली, बुडाला की उतरलेली. एका घटाचे २ व्होल्ट, सहा ओळीने जोडले की १२.

उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवली की त्या सल्फेटचे मोठे कडक स्फटिक होतात आणि चार्जिंगला दाद देत नाहीत. आणि पाणी कमी झालं म्हणून ॲसिड घालू नका. उडून गेलेलं असतं ते पाणी, ॲसिड आतच आहे. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. ॲसिड पातळ करायची वेळ आली तर पाण्यात ॲसिड, थेंबाथेंबाने. उलट केलं तर इतकी उष्णता सुटते की वरचं पाणी उकळून ॲसिड अंगावर उडतं. माझ्या हातावर तसा एक डाग आहे. चार्जिंग संपत आलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, तेव्हा जवळ ठिणगी नको. या धाग्याची सुरुवातच त्या मिश्रणाने झाली आहे.

ओंजळ
सगळ्यांचे आभार. आम्ही दोघी मिळून वाचतोय. आता इंधन घटात नेमकं कोण कुणापासून वेगळं ठेवलंय ते सांगाल?

गोफण
हायड्रोजन देणारा, ऑक्सिजन घेणारा. मधे पातळ पडदा. सर्वांत प्रचलित प्रकारात तो खास बहुवारिकाचा (पॉलिमरचा) असतो. त्यातून हायड्रोजनचा आयन, म्हणजे नुसता प्रोटॉन, जाऊ शकतो. इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाही. हायड्रोजन एका बाजूला प्लॅटिनमच्या बारीक कणांवर येतो, तिथे त्याचे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सुटे होतात. प्रोटॉन पडद्यातून सरळ पलीकडे, इलेक्ट्रॉन तारेतून वळसा घालून. पलीकडे दोघे ऑक्सिजनला भेटतात आणि पाणी होतं. वर ज्या सुरुवातीच्या खर्चाचं बोलणं झालं तो प्लॅटिनम हलका करतो, म्हणून ठिणगी लागत नाही.

हिशोब असा. पाणी द्रवरूप धरलं तर मोलमागे २८६ किलोज्यूल उष्णता, आणि त्यातले २३७ विजेत रूपांतर होण्यासारखे. म्हणजे आदर्श स्थितीत ८३ टक्के, आणि १.२३ व्होल्ट. प्रत्यक्ष भाराखाली एका घटाला ०.६ ते ०.७ व्होल्टच मिळतात, कारण ऑक्सिजनच्या बाजूची अभिक्रिया प्लॅटिनमवरही मंदच असते. म्हणून शेकडो घट एकावर एक रचतात. बॅटरीत रसायन आतच भरलेलं असतं, ते संपलं की ती संपली. इंधन घटात ते बाहेरून येत राहतं, येतंय तोवर वीज. ज्यात पडद्याच्या जागी घन ऑक्साइड असतं त्या प्रकारात उलट ऑक्सिजनचे आयन प्रवास करतात, पण त्याला ७०० ते १००० अंश सेल्सिअस तापमान लागतं.

रानवाट
हे अगदी अलीकडचं तंत्रज्ञान आहे ना?

अणुरेणू
मुळीच नाही. विल्यम ग्रोव्हने १८३९ मध्ये प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर हे दोन वायू सोडून प्रवाह मिळवला. त्याच सुमारास शोनबाइनलाही हाच परिणाम दिसला होता. नंतर फ्रान्सिस थॉमस बेकनने १९३० च्या दशकात अल्कलीचं द्रावण वापरणाऱ्या इंधन घटावर काम सुरू केलं आणि १९५९ मध्ये काही किलोवॅटचा संच चालवून दाखवला. १९६५ मध्ये जेमिनी ५ यानात इंधन घट अवकाशात गेले. अपोलो यानांतले घट बेकनच्या कामावर आधारलेले होते आणि त्यांतून निघणारं पाणी अंतराळवीर पीत.

अपोलो १३ ची गोष्ट इथे सांगायलाच हवी. एप्रिल १९७० मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटली. घट बिघडलेले नव्हते, पण घेणारा ऑक्सिजनच संपत गेला आणि तिन्ही घट बंद पडले. त्यांच्याबरोबर वीज गेली, आणि नवं पाणी तयार होणंही थांबलं. मग यानातले तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात शिरले, ज्याची वीज बॅटऱ्यांवर होती. घटात इंधनाइतकाच ऑक्सिजनही महत्त्वाचा, हे याहून ठळकपणे मला कधी सांगता आलेलं नाही.

पारवा
मग सगळीकडे हायड्रोजनच का वापरत नाही?

वातचक्र
हायड्रोजन सुटा मिळत नाही, म्हणून. पाण्यातून काढायचा तर जेवढी ऊर्जा पाणी होताना सुटली तेवढी परत द्यावी लागते. एक किलो हायड्रोजनला कमीत कमी ३९ युनिट वीज, प्रत्यक्षात पन्नासच्या वर. तोच किलो इंधन घटात घातला की १६ ते २० युनिट परत. म्हणजे एक तृतीयांशाच्या आसपास हाती येतात. चांगली लिथिअम-आयन बॅटरी दिलेल्यातले नव्वद टक्क्यांजवळ परत करते. रोजच्या वापराला मी बॅटरीच निवडेन.

गोफण
रोजच्या वापराला मीही. पण वजनाचा विचार करा. किलोमागे हायड्रोजन १२० मेगाज्यूल देतो, पेट्रोल ४३-४४. जड वाहनं, जहाजं, महिनोन्‌महिने साठवून ठेवायची ऊर्जा, इथे बॅटरीचं वजन परवडत नाही. अडचण आकारमानाची आहे. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन ११ घनमीटर जागा व्यापतो, म्हणून तो ७०० बार दाबाने टाक्यांत भरतात. आणि आज बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि वाफेपासून काढतात. ती अभिक्रिया उष्माग्राही, शिवाय त्यात कार्बन डायऑक्साइड निघतो. तो थांबला नाही तर फायद्याचं बोलणं अर्धवटच राहील.

ओंजळ
गोफण, तुम्ही सांगितलं तसे दोन्ही भाग आम्ही केले. चंचुपात्रात तापमान २४ वरून ३३ वर गेलं, चार-पाच मिनिटांत निळा रंग गेला. घटाने १.०८ व्होल्ट दाखवले. १०० ओहमचा रोध जोडला तर प्रवाह ५ मिलीअँपिअर. मुलीने विचारलं, या पात्रातला निळा रंग जायला किती वेळ लागेल? आम्ही दोघींनी वहीत मांडलं. ५० मिलीमध्ये ०.०१ मोल तांबं, म्हणजे ०.०२ मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे सुमारे १९३० कूलोम. ५ मिलीअँपिअरने भागलं तर ३,८६,००० सेकंद. साडेचार दिवस! हे बरोबर आहे का?

गोफण
अगदी बरोबर. फक्त द्रावण सौम्य होत जाईल आणि सेतू सुकेल तसा प्रवाह कमी होईल, तेव्हा त्याहून जास्तच लागेल. कागदावर अधूनमधून पोटॅशिअम नायट्रेटचे थेंब टाकत राहा.

ओंजळ
तिने पात्राला पांढरा कागद टेकवून ठेवलाय, रंग ताडून बघायला. शेजारी ताज्या द्रावणाची परीक्षानळी उभी केली आहे. आज पहिली रात्र. अजून दोन्हींत काही फरक दिसत नाही, पण तांब्याच्या पट्टीच्या खालच्या कडेला नवा, गुलाबीसर थर धरलाय.